काय करून राहिले आता?

या वेळी तीन पत्रं घेतली आहेत. पहिलं मोठं आहे आणि त्याचं उत्तरही मोठं झालं. संपादकांनी कात्री लावू नये अशी विनंती मी आधीच करून ठेवली आहे.

पत्र पहिलं

सिस्टरबाई, प्रभूमध्ये सलाम. मी रेल्वेच्या लोको शेडमध्ये फिटर होतो. राहायला अजनीत. मागच्या उन्हाळ्यात रिटायर झालो. शाल, श्रीफळ, ग्रुप फोटो, सगळं झालं. चर्चमधल्या मंडळीनंही उभं करून टाळ्या वाजवल्या आणि पाळकसाहेबांनी बायबलातल्या ‘उपदेशक’ या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायावर प्रवचन केलं. पहिला महिना बरा गेला. आता पहाटे शिफ्टच्या वेळेला जाग येते आणि करायला काही नसतं. दूध आणतो, पेपर वाचतो, नऊ वाजता माझा दिवस संपतो. चौकात जो भेटेल तो विचारतो, ‘मग, काय करून राहिले आता?’ काय सांगणार? म्हणून आजकाल मी मागच्या गल्लीनं जातो. मुलगा म्हणतो पुण्याला या. चर्चच्या कमिटीवाले म्हणतात खजिनदार व्हा, संडे स्कूलही बघा, कबरस्तानाच्या भिंतीचं कामही तुम्हीच घ्या. बायको म्हणते काहीही धरा पण घराबाहेर पडा. माझा प्रश्न साधा आहे. देवानं ज्या कामासाठी जन्माला घातलं ते काम संपलं असेल, तर त्यानं मला अजून इथं कशाला ठेवलं आहे?
— एक फिटर, अजनी

भाऊ, सलाम. आधी त्या मागच्या गल्लीतून बाहेर या. नागपुरात ‘काय करून राहिले’ असं विचारणाऱ्याला उत्तर नको असतं, सोबत चहा हवा असतो. ‘काही नाही, तुम्ही काय करून राहिले?’ म्हणायचं आणि टपरीकडे वळायचं. तुम्ही तो प्रश्न देवाच्या तोंडचा समजून बसलात, म्हणून चौक चुकवावा लागतो आहे.

तुमच्या निरोपाच्या दिवशी पाळकसाहेब कुठल्या वचनावर थांबले असतील ते मी घरबसल्या सांगते. आठव्या. बहुतेक सगळे तिथंच थांबतात. जन्माचा समय, मरणाचा समय, रोपण्याचा, उपटण्याचा, अशा चौदा जोड्या लयीत वाचून झाल्या की कानाला गोड लागतं आणि तेवढ्यात शाल द्यायची वेळ होते. पण पुढचंच, नववं वचन विचारतं की राबणाऱ्याला त्याच्या राबण्यातून मिळतं काय? तुम्ही मला जे विचारलंत ते जवळपास हेच आहे, आणि ते शास्त्रातच लिहिलेलं आहे. तेव्हा असं विचारणं म्हणजे विश्वास डळमळल्याचं लक्षण, असं कुणी मंडळीत म्हणालं तर मनावर घेऊ नका. उपदेशक पुढं जे उत्तर देतो तेही भलंमोठं नाही. देव आरंभापासून अंतापर्यंत काय करतो ते माणसाला पुरतं उमगत नाही, म्हणतो. आणि खावं, प्यावं, आपल्या श्रमात सुख मानावं, हे देवाचं देणं आहे. बस. यात कुठंही ‘तुझी योजना अमुक’ असं नाही. मला हे पुस्तक त्यासाठीच आवडतं. ते उगाच पाठीवरून हात फिरवत नाही.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मात्र मला मान्य नाही. ‘ज्या कामासाठी जन्माला घातलं.’ देवानं तुम्हाला इंजिनाच्या ब्रेकसाठी जन्माला घातलं हे कुणी सांगितलं? ते काम तुम्ही नीट केलंत, त्यावर कुटुंब पोसलं, तुमच्या हातून गेलेल्या इंजिनांमागं बसून हजारो माणसं सुखरूप घरी पोचली. मोठीच गोष्ट. पण ती तुम्हाला सोपवलेली होती. सोपवलेलं काम परतही द्यायचं असतं.

शास्त्रात रिटायरमेंट मला एकाच ठिकाणी सापडली आहे. गणना नावाचं पुस्तक, आठवा अध्याय, अगदी शेवटी. लेवी म्हणजे इस्राएलातला सेवेकऱ्यांचा वंश. त्या लेव्यांनी दर्शनमंडपाच्या, म्हणजे उपासनेच्या तंबूच्या, सेवेला पंचविसाव्या वर्षी लागावं आणि पन्नासाव्या वर्षी त्या सेवेतून मोकळं व्हावं, असा तिथं नियम आहे. हे काम म्हणजे पुस्तक उघडून बसणं नव्हतं. मंडप उतरवायचा, खांब, फळ्या, पडदे रानातून पुढच्या मुक्कामापर्यंत न्यायचे. लेव्यांतल्याच गेर्षोन आणि मरारी या घराण्यांच्या लोकांना निदान बैलगाड्या मिळाल्या होत्या. कहाथाच्या लोकांना गाडी नाही, कारण पवित्र वस्तू खांद्यावरूनच न्यायच्या. पन्नाशीत खांदे काय म्हणतात ते शेडमधल्या माणसाला सांगायला नको. तर पन्नासाव्या वर्षी देव म्हणतो, आता ओझं उचलायचं नाही. आणि लगेच पुढं म्हणतो, मंडपाजवळ आपल्या भाऊबंदांच्या हाताखाली राहून मदत करावी. ओझं गेलं, जागा गेली नाही. तो म्हातारा लेवी दिवसभर काय करत असेल याचा मी पुष्कळदा विचार करते. बहुतेक पोरांना सांगत असेल, ती गाठ अशी मारू नको, वाऱ्यात सुटते.

आता रिकामेपणाबद्दल. माझ्या भावाची काटोलकडे संत्र्याची बाग आहे, म्हणून हे मला तोंडपाठ आहे, पण शहरातल्या वाचकांसाठी सांगते. संत्र्याला दोन बहार, म्हणजे फुलोऱ्याचे हंगाम, धरता येतात. आंबिया बहाराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि फळ दिवाळीच्या आगंमागं तोडणीला येतं. मृग बहाराची फुलं जून-जुलैत, पावसाबरोबर, आणि फळ पुढच्या फेब्रुवारी-मार्चनंतर. फुलं हवी असतील तर आधी झाडाचं पाणी तोडावं लागतं. याला ताण देणं म्हणतात. काळ्या भारी जमिनीत महिना-दीड महिना पाणी बंद. पानं मलूल होतात, कडा आत वळतात, काही पिवळी पडून खाली येतात. नवख्या माणसाला वाटतं बाग गेली. माझी वहिनी माहेरची शहरातली. लग्नानंतरच्या पहिल्या डिसेंबरात तिनं दया येऊन विहिरीजवळच्या झाडांना बादलीनं पाणी घातलं होतं. त्या झाडांना नुसती नवती, म्हणजे कोवळी पालवी, फुटली, हिरवीगार. फूल एक नाही.

तुमचा हा सगळा काळ ताणाचा आहे असं मला वाटतं, आणि कमिटीवाले बादली घेऊन उभे आहेत. खजिनदार, संडे स्कूल, कबरस्तान, तिन्ही घेतलंत तर पुढच्या ईस्टरपर्यंत तुम्ही हिरवेगार दिसाल. मंडळी खूश, बायको खूश. आतलं मात्र जे आहे ते तसंच राहील. म्हणून थोडे दिवस काही धरू नका. पहाटे जाग येते ना, येऊ द्या. उठा, चहा करा, दोघांसाठी करा, आणि बसा. प्रार्थनेला शब्द सुचले नाहीत तरी बसा. देवासमोर हजेरी लावायला कामाचा हिशेब लागत नाही.

आणखी एक. भाऊसुद्धा दोन्ही बहार धरत नाही. आंबिया धरला तर मृग सोडतो. उन्हाळ्यात विहिरीला पाणी किती राहील ते बघून ठरवतो. दोन्ही धरले की झाड खचतं. तुम्हीही एकच धरा, आणि धरण्याआधी आपली विहीर बघा.

ताणालाही हद्द असते. मी आयुष्यभर वॉर्डात काम केलं आहे, म्हणून हे विचारल्याशिवाय पुढं जात नाही. झोप अजिबात लागत नाही, जेवण तुटलं आहे, कशातच मन नाही, जगण्यात अर्थ नाही असे विचार फिरून फिरून येतात, असं दोन-तीन आठवडे चालू असेल तर डॉक्टरकडे जा. शुगर, बीपी, थायरॉइड तपासा आणि डॉक्टरांना मनाचंही सांगा. उदासी हा आजारही असतो आणि त्याला औषध आहे. ‘अजून इथं कशाला ठेवलं’ हे वाक्य तुम्ही कुठल्या अर्थानं लिहिलंत ते मला कागदावरून कळत नाही. ते गंभीरपणे लिहिलं असेल तर आजच बायकोला सांगा, पुढच्या अंकाची वाट पाहू नका.

कमिटीला ‘नाही’ म्हणायला जड जात असेल तर दुसऱ्या शमुवेलाचा एकोणिसावा अध्याय काढा. बर्जिल्लय गिलादी, वय वर्षं ऐंशी. दावीद राजा पळून रानात गेला होता तेव्हा यानं त्याला धान्य पुरवलं होतं. राजा परत निघाला, म्हणाला, चल माझ्याबरोबर यरुशलेमेत, तुला सांभाळतो. म्हातारा म्हणतो, महाराज, मला आता जेवणाची चव कळत नाही, गाणाऱ्यांचा आवाज ऐकू येत नाही, मी तुम्हाला भार कशाला होऊ? नदीपर्यंत येतो. आणि हा किम्हाम आहे, याला न्या. एवढ्या अदबीनं राजाला नाही म्हणणारा माणूस मी शास्त्रात दुसरा पाहिला नाही. तुमच्या मंडळीत कॉमर्स झालेला एखादा किम्हाम असेलच. हिशेबाची वही त्याला द्या म्हणावं. तुम्ही नदीपर्यंत जा.

आणि मग, ताण पुरा झाल्यावर, माझ्या मनात तुमच्यासाठी एक काम आहे. कूलर. हसू नका. दर उन्हाळ्यात आपल्या विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसं जातात. टपातलं पाणी, लोखंडी बॉडी, ओले हात, अनवाणी पाय, आणि अर्थिंगचा पत्ता नाही. आपल्या मंडळीत एकट्या राहणाऱ्या किती बायका आहेत ते मोजा. मार्चमध्ये त्या शेजारच्या पोराला पन्नास रुपये देऊन कूलर खाली काढून घेतात, वाळा बदलतात आणि दोन पिनांच्या प्लगवर सुरू करतात. तुम्ही टेस्टर घेऊन एकेका घरी जा. तीन पिनांचा प्लग लावा, अर्थिंग तपासा, पंपाची वायर कुठं सोलली आहे का बघा, पाणी भरायच्या आधी बटण बंद करून प्लग काढायचा हे त्यांच्याकडून चारदा म्हणवून घ्या. त्या चहा देतील, आणि नवऱ्याच्या आजारपणाची गोष्ट सांगतील, तीही ऐका. पंचेचाळीस डिग्रीत झोप लागलेली बाई दुसऱ्या दिवशी तुमचं नाव घेऊन प्रार्थना करते. यासाठी निवडणूक लागत नाही, ठराव लागत नाही. एखादं पोरगं हाताखाली घ्या म्हणजे गाठ कशी मारायची तेही त्याला कळेल.

पुण्याचं मी काही सांगत नाही. तुमच्या बायकोला काय वाटतं ते पत्रात कुठंच नाही. तिला विचारा.

पत्र दुसरं

सिस्टर आंटी, मी सत्तावीस वर्षांची आहे. नागपूरच्या मिहान या औद्योगिक भागात एका कंपनीत रात्रपाळी करते. अमेरिकेतल्या दवाखान्यांच्या बिलांचं कोडिंग असतं. पगार चांगला आहे, घराचा हप्ता मीच भरते. पण आमच्या तरुण संघाचा लीडर म्हणतो, तू अजून देवाची तुझ्यासाठी असलेली योजना शोधलीच नाहीस, हे काम फक्त पोटासाठी आहे. यिर्मया 29:11, ‘तुमच्याविषयी माझ्या मनात हिताच्या योजना आहेत’ हे देवाचं वचन, मी रोज वाचते, फोनच्या वॉलपेपरवर ठेवलं आहे. तरी मला काही दिसत नाही. मी कुठं चुकते आहे?
— नाव छापू नये, मानकापूर

बेटा, वॉलपेपरवर अकरावं वचन आहे, ठीक. आता दहावं वाच. तिथं सत्तर वर्षं लिहिली आहेत. बाबेलात पकडून नेलेल्या लोकांना यिर्मयानं पाठवलेलं ते पत्र आहे, आणि ते ऐकणाऱ्यांतले बरेच जण ती सत्तर वर्षं संपायच्या आत मरणार होते. मग तोवर करायचं काय? पाचव्यापासून सातव्या वचनापर्यंत वाच. घरं बांधा, त्यांत राहा, बागा लावा, त्यांची फळं खा, लग्नं करा, आणि ज्या नगरात तुम्हाला नेलं आहे त्याच्या हितासाठी झटा, त्यासाठी प्रार्थना करा. परक्या देशात, परक्यांच्या नोकरीत. घराचा हप्ता भरणं यात चपखल बसतं. तुझ्या लीडरला हे दाखव, रागानं नको, चहा पाजून दाखव.

‘फक्त पोटासाठी’ म्हणणाऱ्यांना प्रेषित पौलाचं सांग. करिंथात तो अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहिला, कारण त्यांचा धंदा एकच होता, तंबू करण्याचा. प्रेषितांची कृत्ये, अठरावा अध्याय. पोटासाठी तंबू शिवणारा तोच आणि शब्बाथाला सभास्थानात बोलणारा तोच.

आपल्या गावातलंही एक उदाहरण आहे. स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपुरात आले. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशनरी. 1846 मध्ये त्यांनी शाळा काढली. हे आपल्या लोकांना माहीत असतं. पण याच माणसानं रॉबर्ट हंटर या सहकाऱ्याबरोबर टाकळीच्या खडकांतून जीवाश्म शोधले, नागपूरच्या भूगर्भावर निबंध लिहिले, गोंडांच्या परंपरा लिहून काढल्या. एका हिरव्या खनिजाला त्यांच्यावरून हिस्लोपाइट म्हणतात. 4 सप्टेंबर 1863 ला टाकळघाटजवळची प्राचीन दगडी वर्तुळं पाहायला गेले होते. परतताना घोड्यावरून ओढा ओलांडत होते, ओढ्याला पूर आलेला. वाहून गेले. वय पंचेचाळीस. त्यांच्या नावाचं कॉलेज 1883 मध्ये निघालं, ते त्यांनी पाहिलंच नाही. आता यातलं बोलावणं कोणतं आणि पोटापाण्याचं कोणतं, छंद कोणता, हे त्यांच्या तरुण संघाच्या लीडरनं कसं ठरवलं असतं?

तुझ्या कामाकडे मी नर्सच्या नजरेनं बघते. एक कोड चुकला की क्लेम परत येतो, आणि तिकडं कुठल्या तरी म्हाताऱ्याच्या हातात त्याला न झेपणारं बिल पडतं. पहाटे चारला, डोळे मिटत असताना, तो कोड तू पुन्हा एकदा तपासतेस का? तपासत असशील तर पौलाचं कलस्सैकरांना लिहिलेलं वचन, जे काही करता ते प्रभूसाठी म्हणून मनापासून करा, ते तू पाळते आहेस. त्या म्हाताऱ्याला तुझं नाव कधी कळणार नाही. हेही चांगलंच.

चुकतेस असं काही दिसत नाही, झोपेखेरीज. खिडकीला जाड पडदा लाव, घरच्यांना सांग दुपारी दोनपर्यंत बेल वाजवायची नाही, आणि शनिवारच्या रात्रपाळीनंतर रविवारी प्रवचनात डुलकी लागली तर लाजू नकोस. युतुख नावाच्या तरुणाला पौलाच्या प्रवचनात लागली होती, तोही तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत बसला होता, आणि तिथून खाली पडला. तू भिंतीला टेकून बस.

पत्र तिसरं

सिस्टर, सासूबाईंना विसरण्याचा आजार आहे, आता अंथरुणावरच असतात. मला ओळखत नाहीत, कधी कधी मारतात. मी कित्येक महिन्यांत चर्चला गेले नाही. मंडळीतल्या बायका म्हणतात, ‘हीच तुझी सेवा, देव बघतो आहे.’ ऐकलं की मला राग येतो. हे पाप आहे का?
— जरीपटका

नाही, ताई. राग मलाही आला, वाचता वाचता. देव बघतो आहे हे खरं, पण मंडळीनं नुसतं बघत राहावं असं कुठं लिहिलेलं नाही. पुढच्या वेळी त्या बायकांना म्हणा, ‘खरंच? मग या रविवारी नऊ ते बारा तुम्ही बसा.’ कोण येतं ते बघा. एकजण तरी येईल. स्त्री मंडळाच्या सेक्रेटरीला मी स्वतः सांगेन, नाव-पत्ता संपादकांकडे आहेच. नणंदेलाही सांगा, आणि विनंतीच्या सुरात सांगू नका.

देवाशी बोलायला गोड शब्द सुचत नसतील तर अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचा. ते अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं, शेवटी कसलाही दिलासा नाही. तरी ते प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलं आहे. पाळकसाहेबांना फोन करून प्रभुभोजन घरी आणायला सांगा, तुमच्यासाठीही. नुसतं सासूबाईंसाठी नको.

सासूबाईंचं थोडं. दर दोन तासांनी कूस बदला, चादरीला सुरकुती नको, टाचा उशीनं अधांतरी ठेवा. हाडाच्या जागी कातडी लाल झाली असेल तर तिथं चोळू नका, चोळल्यानं आतलं आणखी खराब होतं. मारतात तेव्हा बहुतेक कुठंतरी दुखत असतं किंवा लघवीला झालेलं असतं, ते आधी बघा. आणि त्यांच्या काळातलं एखादं गीत म्हणून बघा. नावं पुसली गेली तरी गाण्याच्या चाली पुष्कळांच्या शेवटपर्यंत राहतात. अख्खं कडवं म्हणणाऱ्या आजी मी पाहिल्या आहेत.

रविवारी कुणी बसायला आलं, तर पहिल्या रविवारी चर्चला जाऊ नका. शेजारच्या खोलीत दार लावून झोपा. दुसऱ्या रविवारपासून या. येणाऱ्या बाईसाठी औषधांच्या वेळा, डायपर कुठं आहेत, पाणी चमच्यानंच द्यायचं की पेल्यानं, हे सगळं एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून पलंगाजवळच्या भिंतीला चिकटवून ठेवा, म्हणजे ती दर दहा मिनिटांनी तुम्हाला फोन करणार नाही.